खरी रजिस्टर्स कोणाकडे? एम्युलेटर आणि कर्नल यांच्यात आभासी प्रोसेसरची स्थिती जुळवून ठेवण्याची पद्धत

क्यूईएमयू हा एम्युलेटर आणि केव्हीएम हा लिनक्स कर्नलमधला आभासीकरणाचा भाग, या जोडीवर चालणाऱ्या आभासी यंत्रात प्रोसेसरची रजिस्टर्स एकाच ठिकाणी नसतात. एक प्रत क्यूईएमयूच्या मेमरीत असते, दुसरी कर्नलमध्ये केव्हीएमकडे असते, आणि गेस्ट (आभासी यंत्रात चालणारी प्रणाली) प्रत्यक्ष धावत असताना खरे आकडे थेट प्रोसेसरच्या चिपमध्येच असतात. या प्रतींपैकी कोणती प्रत या क्षणी खरी आहे, हे ज्या कार्यक्रमाला (प्रोग्रॅमला) नेमके ठाऊक नसते त्याच्याकडून होणाऱ्या चुका फार चमत्कारिक दिसतात. डीबगरमध्ये बदललेले रजिस्टर गेस्टपर्यंत पोहोचत नाही, सेव्ह करून पुन्हा चालू केलेले यंत्र एखादी आज्ञा दोनदा चालवते, किंवा चार प्रोसेसरांपैकी एक जागाच होत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतःचा छोटा एम्युलेटर लिहू लागले की त्यांची गाडी बहुधा इथेच अडते, म्हणून हा लेख त्यांना समोर ठेवून लिहिला आहे. विषयाला एक व्यावहारिक बाजूही आहे. चोपडा, यावल किंवा शिरपूरसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत वीज गेल्यावर, इन्व्हर्टर टिकेल तेवढ्या वेळात चालू आभासी यंत्रे डिस्कवर सेव्ह करून ठेवायची आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे न्यायची, ही सोय फार कामाची असते. मात्र सेव्ह करताना रजिस्टर्सची शिळी प्रत लिहिली गेली, तर ती चूक यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

थोडी पार्श्वभूमी

फाब्रीस बेलार्ड यांनी क्यूईएमयू २००३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो गेस्टच्या आज्ञांचे भाषांतर करून स्वतःच त्या चालवत असे. तिथे प्रोसेसरची स्थिती एकाच रचनेत होती आणि दोन प्रतींचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये केव्हीएमचा समावेश झाला. क्युमरानेट या कंपनीत अवी किविती यांनी सुरू केलेल्या या कामामुळे गेस्टच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर चालू लागल्या, आणि क्यूईएमयूकडे उपकरणांचे अनुकरण तेवढे उरले. तरीही क्यूईएमयूमधली प्रोसेसरची जुनी रचना काढून टाकली गेली नाही, कारण डीबगर, मॉनिटर (क्यूईएमयूला आज्ञा देण्याची खिडकी), सेव्ह, मायग्रेशन (चालू यंत्र दुसऱ्या संगणकावर हलवणे) आणि रीसेट ही सगळी यंत्रणा तिच्यावरच उभी होती. मेळ घालण्याचे काम तेव्हापासून चालत आले आहे.

पुढचे विवेचन इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांबद्दल आहे. प्रयोगासाठी लिनक्स चालणारा कोणताही साधा डेस्कटॉप पुरतो. बायोसमध्ये आभासीकरणाची सुविधा चालू असावी, आपल्या वापरकर्त्याला केव्हीएमची उपकरण-फाइल उघडण्याची परवानगी असावी आणि सी भाषेची बऱ्यापैकी सवय असावी. फाइल उघडल्यावर एपीआयची आवृत्ती विचारावी. उत्तर १२ आले नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: स्थिती म्हणजे नेमके काय, याची यादी करणे

प्रोसेसरची स्थिती म्हटले की सामान्य रजिस्टर्स, आज्ञासूचक आरआयपी आणि फ्लॅग्ज एवढेच डोळ्यांसमोर येते. केव्हीएमच्या गेट-रेग्ज या कॉलमध्ये तेवढेच मिळते: सोळा सामान्य रजिस्टर्स, आरआयपी आणि आरफ्लॅग्ज, म्हणजे प्रत्येकी ८ बाइटांची १८ घरे, एकूण १४४ बाइट. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटी तपासणी करताना तो कामाला येईल.

पण स्थिती इथे संपत नाही. सेगमेंट रजिस्टर्स, सीआर० ते सीआर४, सीआर८, ईफर आणि वर्णनतक्त्यांचे पत्ते गेट-एसरेग्जमध्ये येतात आणि ती रचना ३१२ बाइटांची असते. फ्लोटिंग पॉइंट व व्हेक्टर रजिस्टर्ससाठी गेट-एक्ससेव्ह हा ४०९६ बाइटांचा वेगळा कॉल आहे. इंटेलच्या एएमएक्स सुविधेतली टाइल रजिस्टर्स एकटीच ८१९२ बाइट घेत असल्याने ती जुन्या रचनेत मावेनात, आणि म्हणून त्याची दुसरी आवृत्ती आणावी लागली. त्याखेरीज एमएसआर नावाची विशेष रजिस्टर्स, डीबग रजिस्टर्स, स्थानिक एपिक (प्रोसेसरला इंटरप्ट पोहोचवणारा भाग), प्रोसेसर चालू आहे की थांबलेला हे सांगणारी एमपी-स्थिती, आणि दारात येऊन उभे असलेले पण अजून गेस्टला न दिलेले अपवाद, एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट) व इंटरप्ट सांगणारी व्हीसीपीयू-इव्हेंट्स ही रचना; व्हीसीपीयू म्हणजे आभासी प्रोसेसर.

ही यादी कागदावर काढावी आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहावा: गेस्टचा हा प्रोसेसर थांबलेला असताना दुसरे कोणी हा आकडा बदलू शकते का? सामान्य रजिस्टर्सबाबत उत्तर नाही असे आहे. एमपी-स्थितीबाबत ते होय असे आहे, कारण दुसरा आभासी प्रोसेसर याला जागे होण्याचा संकेत पाठवू शकतो आणि एपिक कर्नलमध्ये असेल तर तो संकेत एम्युलेटरला न कळताच पोहोचतो. एनएमआयचे तसेच. वेळ मोजणारा टीएससी तर कोणी न बदलताही पुढे सरकत असतो. या होय-नाहीवर चौथी पायरी उभी राहणार आहे.

दुसरी पायरी: सात बाइटांचा गेस्ट

पुस्तकी व्याख्येपेक्षा एक छोटा प्रयोग अधिक शिकवतो. गेस्टच्या मेमरीत हेक्स १००० या पत्त्यावर हे सात बाइट ठेवावेत, सगळे हेक्समध्ये: ई४ १० एफई सी० ई६ ११ एफ४. यांचा अर्थ असा की पोर्ट १० वरून एएलमध्ये एक बाइट वाचा, एएल एकने वाढवा, तो पोर्ट ११ वर लिहा आणि थांबा.

तयारी नेहमीची आहे. यंत्र निर्माण करावे, ४०९६ बाइटांचे एक पान हेक्स १००० या भौतिक पत्त्यावर जोडावे, एक आभासी प्रोसेसर निर्माण करावा आणि त्याचे सामायिक केव्हीएम-रन पान आपल्या मेमरीत मॅप करावे. या पानाचा आकार गृहीत धरू नये, तो कर्नललाच विचारावा. इंटरप्टची यंत्रणा कर्नलमध्ये निर्माण करू नये, म्हणजे थांबण्याची आज्ञा आल्यावर नियंत्रण आपल्याकडे परत येईल. त्यानंतर गेट-एसरेग्जने विशेष रजिस्टर्स वाचावीत, त्यातील सीएसचा फक्त पाया आणि सिलेक्टर शून्य करावा आणि पूर्ण रचना परत लिहावी. शून्यांनी भरलेली नवी रचना लिहिण्याचा मोह टाळावा, कारण जे आपण बदलणार नाही ते जसेच्या तसे परत गेले पाहिजे. शेवटी सेट-रेग्जने आरआयपी हेक्स १०००, आरफ्लॅग्ज २ आणि ओळखू यावा म्हणून आरएएक्स ७ ठेवावा.

केव्हीएम-रन हा गेस्टला धावू देणारा कॉल केल्यावर पहिली बाहेर पडण्याची, म्हणजे नियंत्रण आपल्याकडे परतण्याची, वेळ पोर्टवर येते. कारणक्रमांक २, दिशा आत, आकार १ बाइट, पोर्ट हेक्स १०. आता उपकरणाचे उत्तर म्हणून सामायिक पानात नेमून दिलेल्या जागी दशमान ४१ हा आकडा लिहावा आणि लगेच गेट-रेग्ज करावे. एएलमध्ये अजूनही ७ आहे. हा प्रयोग करताना धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, उत्तर तर आपण देऊन टाकलं, मग एएल जुनाच का?” सगळा विषय या प्रश्नात आला आहे. उत्तर सामायिक पानात पडले, पण ते रजिस्टरमध्ये नेण्याचे काम कर्नलचे आहे आणि ते पुढच्या केव्हीएम-रनच्या सुरुवातीला होते. पोर्ट किंवा मेमरीत मॅप केलेल्या उपकरणासाठी बाहेर पडल्यावर आज्ञा अर्धवट असते. कर्नलमध्ये पुन्हा प्रवेश केल्याशिवाय गेस्टची स्थिती सुसंगत मानता येत नाही, असे केव्हीएमच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिले आहे.

मग गेस्टला पुढे न धावू देता आज्ञा पूर्ण कशी करायची? सामायिक पानातील इमीडिएट-एग्झिट हे घर १ करावे आणि केव्हीएम-रन करावे. कर्नल आधी राहिलेले काम उरकतो आणि मग गेस्टमध्ये न शिरता ईआयएनटीआर ही त्रुटी देऊन परततो. आता गेट-रेग्ज केल्यास एएल ४१ आणि आरआयपी हेक्स १००२ दिसतो. सेव्ह करण्याजोगी स्थिती ही. ते घर कर्नल स्वतः शून्य करत नाही, आपणच करायचे असते. शून्य करून पुन्हा चालवल्यास पोर्ट ११ वर ४२ येतो, आणि त्यानंतरच्या फेरीत कारणक्रमांक ५, म्हणजे थांबण्याची आज्ञा.

एएल ७ असतानाच कोणी स्थिती सेव्ह केली असती तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. उपकरणाने बाइट देऊन टाकला आहे, त्याच्या दृष्टीने तो रांगेतून गेला, पण रजिस्टरमध्ये तो आलेला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर गेस्ट तीच आज्ञा पुन्हा चालवेल आणि त्याला रांगेतला पुढचा बाइट मिळेल. सिरियल पोर्टवर एक अक्षर गळाले एवढेच याचे बाह्य लक्षण असेल, आणि ते शोधायला आठवडा जाईल. क्यूईएमयूने ही काळजी घेतलेली आहे: बाहेर पडण्याची विनंती आलेली असली तरी त्याचा प्रोसेसर-थ्रेड एकदा कर्नलमध्ये शिरून, राहिलेली आज्ञा पूर्ण करून, मगच थांबतो.

तिसरी पायरी: एक फ्लॅग आणि त्याची शिस्त

प्रत्येक वेळी बाहेर पडल्यावर सगळी स्थिती वाचायची आणि आत शिरण्यापूर्वी सगळी परत लिहायची, ही रीत बरोबर आहे पण महाग आहे. बहुतेक वेळा एम्युलेटरला रजिस्टर्सशी काही देणेघेणे नसते. पोर्ट, आकार आणि आकडा सामायिक पानात मिळतातच. म्हणून क्यूईएमयू मागणी आली तरच वाचतो आणि वाचले असेल तरच परत लिहितो. त्यासाठी प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे व्हीसीपीयू-डर्टी नावाचा एकच फ्लॅग आहे.

त्याचे नियम असे. एम्युलेटरच्या कोणत्याही भागाला रजिस्टर वाचायचे किंवा बदलायचे असेल, तर त्याने आधी सीपीयू-सिंक्रोनाइझ-स्टेट हे फंक्शन बोलवावे. फ्लॅग खाली असेल तर ते कर्नलमधून सगळी स्थिती आणते आणि फ्लॅग वर करते. वर असेल तर काहीच करत नाही, कारण खरी प्रत आधीच आपल्याकडे आहे. केव्हीएम-रनच्या अगदी आधी फ्लॅग पाहावा, वर असेल तर स्थिती कर्नलला परत द्यावी आणि फ्लॅग खाली करावा. भुसावळकडच्या वाचकांना एकेरी लोहमार्गावरचे टोकन आठवेल: ते ज्याच्या हाती त्याचीच गाडी पुढे, आणि एका वेळी ते एकाच्याच हाती.

नावावरून एक गैरसमज हमखास होतो. आपण काही बदलले असेल तरच फ्लॅग वर करायचा, नुसते वाचले असेल तर कशाला, असे नवख्याला वाटते. तसे करू नये. वाचून झाल्यावर पुढचा कोणता भाग त्याच रचनेत काय लिहील याची शाश्वती नसते, आणि रचनेत लिहिणाऱ्या प्रत्येक ओळीला फ्लॅग वर करायला लावणे हे हजारो ओळींच्या कार्यक्रमात जमत नाही. वाचले म्हणजे मालकी आपल्याकडे आली, एवढा सरळ नियम ठेवल्यास एक अनावश्यक लेखन होईल, पण बदल हरवणार नाही.

नियम मोडला तर नुकसान दोन प्रकारे होते. समजा एखाद्या उपकरणाच्या कोडने आधी सिंक न करता आरआयपी बदलला. फ्लॅग खाली असल्याने पुढच्या केव्हीएम-रनपूर्वी तो कर्नलकडे जाणारच नाही, म्हणजे बदल मुकाट्याने वाया गेला. त्याऐवजी मध्येच कोणी मॉनिटरवर रजिस्टर्स दाखवण्याची आज्ञा दिली, तर सिंक होऊन कर्नलमधला जुना आरआयपी त्या बदलावर लिहिला जाईल. दोन्ही वेळी बदल जातो, पण कधी मॉनिटर उघडला असताना आणि कधी नसताना लक्षणे वेगळी दिसतात, आणि मग विद्यार्थी दोष मॉनिटरमध्ये शोधत बसतात. असा घोळ दिसला की रचनेत थेट लिहिणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि त्यांच्या वर सिंक आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

थ्रेडचा प्रश्न

क्यूईएमयूमध्ये प्रत्येक आभासी प्रोसेसराचा स्वतंत्र थ्रेड असतो, आणि मॉनिटर व डीबगर मुख्य थ्रेडवर चालतात. मुख्य थ्रेडने दुसऱ्या प्रोसेसरासाठी थेट गेट-रेग्ज केले तर काय होईल? कर्नल प्रत्येक व्हीसीपीयूवर कुलूप ठेवतो आणि केव्हीएम-रन चालू असेपर्यंत ते त्या थ्रेडकडेच असते. म्हणजे मुख्य थ्रेड वाट पाहत अडकेल. इंटरप्टची यंत्रणा कर्नलमध्ये असेल आणि गेस्ट निवांत थांबलेला असेल, तर ही वाट किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. शिवाय हे कॉल ज्या थ्रेडने व्हीसीपीयू निर्माण केला त्याच थ्रेडवरून करावेत, असा केव्हीएमचा नियमच आहे.

म्हणून काम त्या थ्रेडकडे पाठवायचे असते. मुख्य थ्रेड एक काम त्या प्रोसेसराच्या रांगेत टाकतो, त्याला संकेत पाठवून कर्नलमधून बाहेर काढतो आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबतो. क्यूईएमयू यासाठी एसआयजीयूएसआर१ हा लिनक्सचा संकेत (सिग्नल) वापरतो. थांबताना त्याने मोठे सामायिक कुलूप सोडले पाहिजे, नाहीतर प्रोसेसर-थ्रेड त्या कुलपाची आणि मुख्य थ्रेड त्या कामाची वाट पाहत बसतील.

इथे एक बारीक फट आहे. प्रोसेसर-थ्रेडने रांग तपासली, ती रिकामी निघाली, आणि तो केव्हीएम-रन करणार इतक्यात संकेत आला. संकेत हाताळला गेला, थ्रेड पुढे गेला आणि गेस्टमध्ये शिरला. आता त्याला बाहेर काढणारे कोणी उरले नाही. यावर उपाय म्हणजे संकेत हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच इमीडिएट-एग्झिट १ करणे. संकेत कॉलच्या आधी आला तरी ते घर भरलेले राहते आणि कर्नल लगेच परततो. स्वतःचा एम्युलेटर लिहिणाऱ्याने संकेताचे फंक्शन रिकामे ठेवले, तर कार्यक्रम क्वचितच, पण नेमका प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी अडकतो.

चौथी पायरी: परत काय लिहायचे आणि कोणत्या क्रमाने

वाचणे सोपे आहे. हानी होते ती परत लिहिताना. पहिल्या पायरीत ज्या नावांपुढे होय लिहिले होते, ती आता समोर घ्यावीत.

क्यूईएमयूने परत लिहिण्याच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. नेहमीच्या धावण्यातली पहिली पातळी, रीसेटनंतरची दुसरी, आणि यंत्र प्रथम सुरू होताना किंवा सेव्ह केलेली स्थिती भरताना वापरायची पूर्ण पातळी तिसरी. पहिल्या पातळीत फक्त तेच लिहायचे जे या प्रोसेसराशिवाय दुसरे कोणी बदलू शकत नाही. डीबगरने एक रजिस्टर पाहिले म्हणून टीएससी परत लिहिला, तर वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत गेलेला वेळ गेस्टच्या घड्याळातून कापला जाईल, आणि चार प्रोसेसरांची चार घड्याळे हळूहळू वेगळी वेळ दाखवू लागतील. म्हणून टीएससी दुसऱ्या पातळीपासूनच लिहिला जातो. एमपी-स्थितीचे तसेच. आपण स्थिती वाचली तेव्हा दुसरा प्रोसेसर जागे होण्याच्या संकेताची वाट पाहत होता, मधल्या काळात तो संकेत आला, आणि आपण जुनी स्थिती परत लिहून तो पुसून टाकला. चारपैकी एक प्रोसेसर जागा न होण्याचे हे नेहमीचे कारण. व्हीसीपीयू-इव्हेंट्सच्या रचनेत तर यासाठी वेगळे फ्लॅग्ज आहेत: अजून न दिलेला एनएमआय आणि जागे करण्याच्या संकेताचा व्हेक्टर ही घरे वैध आहेत असे आपण मुद्दाम सांगितले तरच कर्नल ती स्वीकारतो. पहिल्या पातळीत हे फ्लॅग्ज लावू नयेत.

आता क्रम. सेट-रेग्जमागे एक परिणाम दडलेला आहे, जो नावावरून मुळीच कळत नाही. रजिस्टर्स लिहिताना केव्हीएम अजून न दिलेला अपवाद रद्द करतो. त्यामुळे व्हीसीपीयू-इव्हेंट्स आधी आणि सामान्य रजिस्टर्स नंतर लिहिली, तर गेस्टला मिळायचा पेज-फॉल्ट हरवतो. क्रम नेहमी उलटा ठेवावा: आधी विशेष आणि सामान्य रजिस्टर्स, मग एक्ससेव्ह, मग एमएसआर, मग इव्हेंट्स. टीएससीच्या ठरलेल्या वेळी इंटरप्ट देणारा डेडलाइन एमएसआर इतर एमएसआरांबरोबर न लिहिता त्यांच्यानंतर वेगळा लिहावा, कारण टीएससी आणि एपिकची रीत आधी बसलेली नसेल तर त्या डेडलाइनला अर्थच राहत नाही. गेस्टच्या पोटात आणखी गेस्ट चालवायचा असेल, तर ईफरमधील संबंधित बिट आधी बसले पाहिजे म्हणून विशेष रजिस्टर्स त्या अंतर्गत स्थितीच्याही आधी जातात.

क्यूईएमयूमध्ये हा क्रम केव्हीएम-आर्क-पुट-रजिस्टर्स या फंक्शनमध्ये आहे आणि त्यातील टिपा वाचण्यासारख्या आहेत. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत दाट मजकूर त्या पानभर कोडमध्ये आहे. प्रत्येक ‘याच्या आधी’ आणि ‘याच्या नंतर’ या टिपेमागे कुठे ना कुठे बंद पडलेले यंत्र असते. आपल्या एम्युलेटरसाठी क्रम नव्याने शोधण्याऐवजी तिथला घ्यावा.

पाचवी पायरी: तपासणी

एम्युलेटर काय करतो आहे हे विचारण्यापेक्षा तो कर्नलला काय सांगतो आहे हे पाहावे. कर्नलला होणारे कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसमध्ये केव्हीएमचे कॉल नावानिशी दिसतात. क्यूईएमयूच्या स्वतःच्या ट्रेसमध्ये मात्र केव्हीएम-व्हीसीपीयू-आयऑक्टल या घटनेपुढे नुसता हेक्स आकडा येतो, आणि तो वाचता यायला हवा. ८०९०एई८१ हा आकडा घ्यावा. आरंभीचा ८ सांगतो की कर्नलकडून माहिती वाचली जात आहे. ०९० म्हणजे दशमान १४४, पहिल्या पायरीतला आपला रजिस्टर्सचा आकार. एई हे केव्हीएमचे अक्षर आणि ८१ हा कॉलचा क्रमांक. हा झाला गेट-रेग्ज. परत लिहिताना ४०९०एई८२ दिसतो, विशेष रजिस्टर्स वाचताना ८१३८एई८३, आणि केव्हीएम-रन स्वतः एई८०.

गेस्ट निवांत धावत असताना ट्रेसमध्ये जवळजवळ सगळे एई८० दिसले पाहिजेत. प्रत्येक एई८० मागे एक गेट-रेग्ज दिसत असेल, तर कोणते तरी उपकरण दर वेळी सिंक करवून घेत आहे. व्हीएमवेअरच्या जुन्या बॅकडोअर पोर्टचे अनुकरण हा असा प्रामाणिक अपवाद आहे, कारण ते उपकरण आपली उत्तरे पोर्टऐवजी थेट रजिस्टर्समध्ये ठेवते. आज्ञेच्या अध्यात-मध्यात रजिस्टर्स वाचावी लागतात म्हणून कर्नलमध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागली आणि तिथल्या टिपेत अशा उपकरणांच्या रचनेला चक्क वाईट म्हटले आहे. आपले उपकरण असे करू नये.

दुसरी तपासणी सेव्ह करण्याची. यंत्र थांबवावे, मॉनिटरवरून सर्व प्रोसेसरांची रजिस्टर्स एका फाइलमध्ये घ्यावीत, स्थिती सेव्ह करावी, एम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा, स्थिती भरावी आणि धावू देण्यापूर्वी रजिस्टर्स पुन्हा घेऊन दोन्ही फाइलींची तुलना करावी. यंत्र थांबलेले असल्याने एकाही रजिस्टरात फरक दिसता कामा नये. सिरियल पोर्टवर मोठी फाइल वाहत असताना हीच तपासणी करावी, म्हणजे अर्धवट आज्ञेची चूक उघडी पडेल. रिकाम्या बसलेल्या गेस्टवर ती कधीच दिसत नाही.

तिसरी डीबगरची. जीडीबी हा डीबगर पोर्ट १२३४ वर जोडून एक सामान्य रजिस्टर बदलावे, गेस्टला एक आज्ञा चालू द्यावी आणि पुन्हा वाचावे. नवा आकडा टिकला नाही तर तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

काही वेगळ्या वाटा

प्रत्येक सिंकसाठी अनेक कॉल करण्याचा खर्च ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी केव्हीएममध्ये सिंक-रेग्ज ही सुविधा आहे. सामायिक पानातच रजिस्टर्सची जागा असते. कोणते गट बाहेर पडताना भरून हवेत ते एका घरात सांगायचे आणि कोणते आपण बदलले ते दुसऱ्या घरात. आयबीएमच्या एस३९० यंत्रांसाठी ही सुविधा प्रथम आली. इंटेल व एएमडीवर ती सामान्य रजिस्टर्स, विशेष रजिस्टर्स आणि इव्हेंट्स या तीन गटांपुरती मिळते, एमएसआर त्यात नाहीत. छोट्या एम्युलेटरासाठी ती चांगली आहे, पण आधी साध्या कॉलांनी बरोबर चालणारी आवृत्ती तयार करावी.

आर्मवर रचना निराळी आहे. तिथे आधी व्हीसीपीयू-इनिट करावे लागते, मग कर्नलकडून रजिस्टर्सची यादी मागवायची आणि एकेक रजिस्टर त्याच्या ओळखक्रमांकाने वाचायचे किंवा लिहायचे. फ्लॅग, थ्रेड आणि पातळ्या यांचे नियम तेच राहतात.

एएमडीच्या एसईव्ही-ईएससारख्या संरक्षित गेस्टमध्ये रजिस्टर्स कूटबद्ध असतात आणि होस्टला (गेस्ट ज्यावर चालतो त्या मूळ यंत्राला) ती दिसूच नयेत हाच हेतू असतो. गेस्ट सुरू होऊन संरक्षण लागू झाले की कर्नलमधून स्थिती आणण्याचा प्रयत्न क्यूईएमयू करतच नाही. अशा यंत्रावर मॉनिटरने दाखवलेली रजिस्टर्स ही एम्युलेटरच्या जुन्या रचनेतली असतात, म्हणून ती पाहून काही निष्कर्ष काढू नये. गेस्ट एखाद्या विशिष्ट आज्ञेसाठी जी मोजकी मूल्ये स्वतःहून सामायिक पानावर ठेवतो, तेवढीच होस्टच्या हाती येतात.